वाळू ओली होती

आप्पा,

तुम्ही गेलात त्याला तीस वर्षं होऊन गेली, आणि एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. होतात तेव्हाही फारशी लिहिली नव्हती. पुण्याहून कार्ड टाकायचे ते आईच्या नावानं, आणि शेवटी जागा उरलीच तर 'आप्पांना नमस्कार'. आज लिहिते आहे ती ट्रामपायी. तुम्ही म्हणाल, हिला ट्रामचं काय सुचलं, हिच्या जन्माआधीच मुंबईची ट्राम बंद झाली. खरं आहे. परवापरवापर्यंत मी ट्राम डोळ्यांनी पाहिलेलीसुद्धा नव्हती, फक्त तुमच्या तोंडून ऐकली होती. आणि दैवाची थट्टा बघा, त्याच तुमच्या मुलीला सिंगापुरात बसवून कुणीतरी विचारलं, की जुन्या ट्राम ठेवायच्या का काढायच्या, तेवढं जरा सांगा. त्याचा पगारही देतात.

तुमची खरी नोकरी वाळू सुकवायची. शाळेत मी हे कुणाला सांगत नसे. 'वडील ट्रामवर होते' म्हणायचे, ऐकणाऱ्याला मोटरमन वाटायचं आणि मी वाटू द्यायचे. पण घरात तुमचं ते कौतुक रोज चालायचं. लोखंडी रूळ, लोखंडी चाक, वरून पाऊस, मग गाडी थांबणार कशी? म्हणून बाकाखाली वाळूची पेटी. मोटरमननं पाय दाबला की नळीतून वाळू चाकापुढे रुळावर पडते आणि चाक पकड धरतं. वाळू खडखडीत सुकी हवी, नाहीतर नळीतच बसते, म्हणून डेपोत दिवसभर भट्टीजवळ एक माणूस. चाळायची, लोखंडी पत्र्यावर पसरायची, फावड्यानं उलटीपालटी करायची, पेट्या भरायच्या. तो माणूस तुम्ही. ट्राम बंद झाल्यावर तुम्हाला बसच्या स्टोअरमध्ये घेतलं, पण तुमच्या हातातली वाळू काही सुटली नाही. दर रविवारी आईची मोठी कढई काढून तुम्ही वाळूत शेंगदाणे भाजायचात आणि आई दर रविवारी म्हणायची, दाताखाली खडा आला तर बघा. मी सहा-सात वर्षांची असेन, तुम्ही माझ्या हातात गार वाळू दिलीत. घट्ट मूठ आवळ म्हणालात. आता सोड. वाळू सगळी सांडली तर सुकी. गोळा राहिला आणि त्यावर बोटांचे ठसे दिसले तर ओली. "डोळ्याला सुकीच दिसते, डोळ्यावर जाऊ नको," असं म्हणालात. मी त्यानंतर इंजिनिअर झाले, पण माझं शिक्षण तिथेच झालं असं मला हल्ली वाटतं.

इथे मी एका सल्लागार कंपनीत आहे. गाड्यांची चाकं, ब्रेक, रूळ तपासायचे आणि त्यावर जाडजूड अहवाल लिहायचे. ऑफिस हार्बरफ्रंटला. घर वुडलँड्सला, म्हणजे बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला, कारण तिथे भाडं परवडतं. रोज सकाळी एमआरटीनं, म्हणजे इथल्या मेट्रोनं, खाली यायचं, संध्याकाळी वर जायचं. आमच्या लाइनच्या गाडीला ड्रायव्हर नसतो. सेंगकांगला तर इमारतींच्या मधून छोट्या छोट्या गाड्या आपल्या आपण गोल फिरत असतात. तुम्ही असतात तर पहिल्या डब्याच्या काचेला नाक लावून उभे राहिला असतात आणि वळून मला विचारलं असतंत, मग काही झालं तर शिव्या कुणाला घालायच्या?

तर काही महिन्यांपूर्वी युरोपातल्या एका बंदराच्या शहराचं काम आमच्याकडे आलं. नाव लिहीत नाही. तसं करारात लिहून दिलंय आणि मेलेल्या माणसाला सांगायची सूट त्यात ठेवलेली नाही. त्या शहरात तुमच्याही आधीच्या काळातल्या ट्राम अजून रोज धावतात. शोभेला नव्हे हं, रोजच्या मार्गावर, इतर बसगाड्यांसारख्याच. मी गेले आणि पहिल्याच सकाळी स्टॉपवर उभी राहून तिकीट काढून बसले. लाकडी बाकं, पॉलिश उडालेली. दप्तरं घेतलेली पोरं, बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या बायका, बंदरावर जाणारे कामगार. पुढे मोटरमन उभा. उतार आला की तो पायानं काहीतरी दाबायचा आणि खालून बारीक खर्र आवाज यायचा. माझ्या शेजारच्या बाईला काही कळलं नसेल, पण मला हसू यायला लागलं आणि मग रडू. छप्पन्न वर्षांची बाई, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, आणि ट्राममध्ये डोळे पुसते आहे. मी चार वेळा त्या मार्गाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले. ऑफिसला सांगितलं, निरीक्षण.

तिथल्या वाहतूक खात्याला आमच्याकडून एकच उत्तर हवं होतं. ह्या गाड्या रोजच्या वापरासाठी सुरक्षित आहेत की नाहीत. त्यांच्या मनात ते आधीच ठरलेलं होतं, हे तिथल्या पहिल्या मीटिंगमध्येच मला कळलं, कारण नव्या गाड्यांची चित्रं भिंतीवर लागलेली होती. त्यांचंही अगदीच चूक म्हणवत नाही. जुन्या गाडीत चाकाच्या खुर्चीला जागा नाही, सुटे भाग हातानं घडवावे लागतात. पण प्रश्न सुरक्षेचा होता आणि उत्तर ब्रेकच्या चाचणीवर अवलंबून होतं. रूळ पाण्यानं भिजवायचे, गाडी ठरलेल्या वेगानं आणायची, ब्रेक लावायचा आणि ती किती अंतरात थांबते ते मोजायचं. तीन गाड्या घेतल्या. तिन्ही, जिच्या आत थांबायला हवं त्या रेषेच्या बऱ्याच पुढे गेल्या. मी आकडे लिहून घेतले. मनात म्हटलं, संपलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला गेले होते. मी उगाच एका गाडीत चढून बाकाखालच्या पेटीचं झाकण उचललं. वाळू वरून छान सुकी, पांढुरकी. आत बोट खुपसलं तर गार लागली. मग मी मूठ आवळली आणि सोडली. तळहातावर गोळा तसाच बसून, त्यावर माझी चार बोटं. मागे कुणीतरी उभं आहे असं वाटलं म्हणून वळले. डेपोतला एक म्हातारा कामगार होता, निवृत्तीला आलेला असावा. त्यानं तो गोळा माझ्या हातातून उचलला आणि पायरीवर ठेवला. लाडवासारखा बसला तो तिथे. मग मला खुणेनं बोलावून डेपोच्या मागे नेलं. तिथे वाळू सुकवायची भट्टी, थंडगार, धुरांड्यात पक्ष्याचं घरटं. आणि गळक्या छपराखाली वाळूच्या पोत्यांची थप्पी. तीन बोटं दाखवून त्यानं सांगितलं की तीन वर्षं झाली भट्टी बंद करून. दुभाषी मुलगी जेवायला गेली होती, पण तिची काही गरज पडली नाही. तुला कसं ठाऊक, असं त्यानं हातानंच विचारलं. मी फावड्यानं वाळू उलटायचा हात करून दाखवला आणि 'फादर' म्हटलं. मग डब्यातला अर्धा पाव तोडून त्यानं माझ्या हातात दिला आणि आम्ही दोघं तिथे पोत्यावर बसून जेवलो.

आप्पा, गाड्या वाईट नव्हत्या. वाळू ओली होती. एवढंच.

मी संध्याकाळी त्यांच्या अधिकाऱ्याला म्हटलं, सुकी वाळू घालून चाचण्या पुन्हा करू. तो फार सभ्यपणे म्हणाला की वेळापत्रकात बसत नाही, आणि गाड्या आहेत त्या स्थितीत तपासायच्या असंच कागदावर ठरलं आहे. शेवटच्या दिवशी मोजणारी माणसं सामान आवरून गेली, तेव्हा मी आणि तो म्हातारा गॅसच्या शेगडीवर पत्रा ठेवून दोन तास वाळू भाजत बसलो. तुम्ही शिकवलं होतंत तसं मी सारखी उलटत राहिले. एका मोटरमनला त्यानं कसंबसं राजी केलं. रूळ ओले केले, पेट्या भरल्या, गाडी आणली. रेषेच्या अलीकडे थांबली, आप्पा. चांगली दोन माणसं आडवी झोपतील एवढी अलीकडे. कुठल्या कागदावर त्याची नोंद नाही. म्हातारा हात झटकत आत निघून गेला.

इथे परत येऊन मी अहवालात वाळूवर चौदा ओळी लिहिल्या. माझा साहेब इथलाच, चिनी, माझ्याहून बारा वर्षांनी लहान. कामात चोख आणि माणूस म्हणून चांगला. नऊ वर्षांत माझ्याशी एकदाही खोटं बोललेला नाही. त्यानं त्या चौदा ओळी काढल्या आणि मला बोलावून तसं तोंडावर सांगितलं. वाळूचं त्याला पटत होतं. पण आपल्याला गाड्या आहेत तशा तपासायला सांगितल्या होत्या, डेपो कसा चालवतात ते नाही. "रिपोर्टमध्ये एक शब्द तरी खोटा आहे का?" त्यानं विचारलं. मी दोनदा वाचला होता. एक शब्द खोटा नव्हता. गाड्या थांबल्या नाहीत, हे खरंच होतं. खाली सही करायची ती मी, कारण चाचण्यांच्या वेळी तिथे हजर असलेली इंजिनिअर मीच.

आता इथल्या राहण्याबद्दल सांगते, म्हणजे तुम्हाला कळेल. इथे आम्ही परवान्यावर राहतो. तो परवाना नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की महिन्याभरात गाशा गुंडाळायचा. कायमचं राहू द्या म्हणून दोनदा अर्ज केला, दोनदा नकार आला, कारण सांगत नाहीत. तुमच्या जावयांची नोकरी दीड वर्षापूर्वी गेली. ते आता माझ्या परवान्यावर इथे राहतात, स्वयंपाक करतात, आणि आठवड्यातून एकदा पूल ओलांडून मलेशियात जाऊन स्वस्त कोथिंबीर आणतात. पासपोर्टवर एवढे शिक्के एखाद्या राजदूताच्याही नसतील, म्हणून मी चिडवते. ते हसतात, पण हल्ली जरा उशिरानं. मुलीची नोव्हेंबरात ए लेव्हल. म्हणजे आपली बारावी समजा, पण घरात सुतक असल्यासारखी शांतता पाळायची. ती इथेच जन्मली. तीही माझ्याच परवान्यावर. आणि तो परवाना दोन महिन्यांनी नवा करायचा आहे, तेव्हा कंपनीनं माझ्यासाठी अर्ज करायचा आहे. म्हणजे एका माझ्या सहीला तीन माणसं लटकलेली.

मी घरी वाळूचं सगळं सांगितलं. हे म्हणाले, त्यांचं गाव, त्यांची ट्राम, त्यांचा पाऊस, तू कशाला लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस? करून टाक सही. रागानं नाही म्हणाले, कांदा चिरता चिरता म्हणाले. मुलगी टेबलाशी अभ्यास करत होती. तिला आजोबा वाळू सुकवायचे हे मी पूर्वी कधीतरी सांगितलं होतं तेव्हा ती इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली होती, "दॅट वॉज अ जॉब, आह?" ह्या वेळी तिनं वहीतून मान वर केली नाही. नुसतं म्हणाली, "आई, आय कान्ट गो टू पुणे नाऊ. प्लीज लाह." मी म्हटलं, कुणी जात नाहीये पुण्याला. मग ताटं घेतली आणि आम्ही जेवलो. आमच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघराला एकच खिडकी आहे, समोरच्या इमारतीच्या कॉरिडॉरकडे उघडणारी. मी भांडी विसळताना तिथे उभी राहते आणि मला वाटतं की ह्या खिडकीतून हातसुद्धा नीट बाहेर जायचा नाही.

आणि तेव्हापासून मला तो रविवार आठवतोय, आप्पा. सारखा आठवतोय.

मी तेवीस वर्षांची आहे. पहिली नोकरी, पुण्याजवळच्या कारखान्यात. सुट्टीला घरी आले आहे आणि आल्या आल्या फुशारकी मारते आहे की साहेबानं तपासणी न करताच बोल्टच्या दाखल्यावर सही मागितली आणि मी दिली नाही. आणि त्याबद्दल वरच्या साहेबानं माझी पाठ थोपटली. तुम्ही शेंगदाणे भाजत बसला आहात. तुमच्या तोंडावर असा काही आनंद आहे की मी आणखी दोन वाक्यं पदरची घालते. आणि मग तुम्ही कढईतला झारा न थांबवता, मला कधीच न सांगितलेली गोष्ट सांगायला लागता. पावसाळ्यातला दिवस होता. कोळसा भिजलेला, भट्टी धरेना. गाड्या दारात रांगेत उभ्या. वरचा माणूस ओरडत होता की भरा, भरा. तुम्ही मूठ आवळून पाहिली, गोळा राहिला. तरी पेट्या भरल्या. त्यातली एक गाडी पुलाच्या उतारावर घसरली आणि एका हातगाडीवाल्याचा पाय गेला. चौकशीत मोटरमन सांगत होता की मी वाळू सोडली, ती पडलीच नाही. तुम्हाला विचारलं. तुम्ही लिहून दिलंत की नेहमीप्रमाणे भट्टीवरून काढून वाळू पेट्यांत भरली. खाली सही. मोटरमनची नोकरी गेली. तो गावाला निघून गेला, पुढे त्याचं काय झालं ते तुम्हाला कळलं नाही.

"लिहिलं ते सगळं खरंच होतं," तुम्ही म्हणालात. मी तेव्हा काय म्हटलं ते तुमच्या लक्षात असेलच. मेल्यानंतर असं काही राहतं की नाही मला माहीत नाही, पण राहत असेल तर ते राहिलं असेल. मी म्हटलं, "तीन शब्द लिहायचे होते, आप्पा. वाळू ओली होती. तेवढेही तुमच्यानं झाले नाहीत? मग इतकी वर्षं मला मूठ काय शिकवत होतात?" आई दारात उभी होती. तुम्ही झारा खाली ठेवलात, म्हणालात, "तुझं बरोबर आहे." आणि उठून कढई खाली उतरवलीत. अर्धे दाणे कच्चेच होते. त्यानंतर तुम्ही घरात ट्रामचं नाव काढलं नाही. मी सुट्टीला यायचे, आपण हवापाण्याचं बोलायचो, दोन वर्षांत तुम्ही गेलात. मी मनाशी म्हणत राहिले की कुठल्या तोंडानं बोलतील. फार बरं वाटायचं मला असं म्हणताना. किती हलकट होते मी, आप्पा, आणि किती स्वच्छ वाटायचं.

तुम्ही गेल्यावर पुष्कळ दिवसांनी आईनं सांगितलं. त्या चौकशीच्या वेळी आपला दादा वीस दिवसांचा होता. ट्राम बंद होणार असं डेपोत बोलायला लागले होते आणि बसमध्ये कुणाला घ्यायचं, कुणाला घरी पाठवायचं ह्याच्या याद्या चालल्या होत्या. नावापुढे एक फुली पडली की संपलं. वरच्या माणसानं चौकशीचा तो जबाब स्वतःच लिहून आणला होता, तुमच्यासमोर धरला आणि नुसतं म्हणाला, यादी माझ्याकडे आहे. तुम्ही हे त्या रविवारी मला सांगितलं नाहीत. सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का, ठाऊक नाही. पण तुम्हाला कुठून निघायला वाट नव्हती आणि मी तुमच्यासमोर बसून तुम्हाला वाट दाखवत होते, तोंडात तुमचेच दाणे घालून.

मागच्या गुरुवारी मी अहवालावर सही केली. सकाळी अकरा वाजता. साहेबाच्या केबिनमध्ये एसीचा गारवा आणि टेबलावर त्याच्या मुलांचा फोटो. सही करून मी उठले तेव्हा त्यानं मला पुन्हा बसायला सांगितलं आणि दार लोटून घेतलं. मला वाटलं परवान्याचं काढणार. तो म्हणाला, "तू एक पान वेगळं लिही. तुझ्या नावानं. वाळूचं सगळं, भट्टी, ती शेवटची गाडी, सगळं. मी रिपोर्टला जोडतो. त्यांना आवडणार नाही, पण जोडलेलं काढता येत नाही." सोमवारी पाच वाजता अहवाल जाणार, त्याच्या आत दे. मी विचारलं, आणि माझं? तो म्हणाला की परवान्याच्या अर्जावर सही करणारा तोच आहे, आणि ती तो करणार आहे, पान आलं तरी आणि नाही आलं तरी. मग खाली बघून म्हणाला, "आय ऑल्सो कान्ट स्लीप, यू नो." मी त्याचे आभार मानले. स्टेशनपर्यंत चालत गेले तर अंगातला ताप उतरावा तसं वाटत होतं. गाडीत बसायला जागा मिळाली, तीही घेतली. घरी मात्र ह्यातलं काही सांगितलं नाही. हे विचारत होते, झाली का सही, मी म्हटलं झाली. त्यांनी शिरा केला.

शनिवार गेला, रविवार गेला. मनात म्हणत होते की घरात हे बसलेले, पोरीचा अभ्यास, एकांत नाही, लिहिणार कुठे. म्हणून आज सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि ऑफिसजवळच्या मॉलमधल्या लायब्ररीत येऊन बसले. इथे समोर समुद्र आहे. शेजारी एक आजोबा चिनी वर्तमानपत्र वाचता वाचता पेंगतात. दुपारी एकला बसले. वही उघडली. लिहायचं काय ते तोंडपाठ होतं. भट्टी बंद, पोती उघड्यावर, वाळू ओली, सुकी घातल्यावर गाडी थांबली. एका पानाचंच काम, ऑफिसच्या इंग्रजीत अर्ध्या तासाचं. साहेबाचा शब्द मी नऊ वर्षं पाहिलेला आहे, त्यावर भरवसा नाही असं मी म्हणू शकत नाही. तरी पेन टेकवलं आणि मनात आलं, त्याच्याही वर कुणी असेल. त्याची बदली झाली तर? अर्ज आणि ते पान एकाच फायलीत गेलं तर? कुणी काही म्हटलेलं नाही, कुणी माझ्यासमोर यादी धरलेली नाही, सगळं माझं मीच म्हणते आहे. मग वाटलं, आधी दोन ओळी तुमच्याशी बोलून घेते, हात मोकळा होईल, मग ते लिहू. आणि कागदावर वर 'आप्पा' लिहिलं.

त्या दोन ओळींची बारा पानं झाली. पावणेपाचला साहेबाचा मेसेज आला, 'येतंय का?' मी फोन उलटा ठेवला आणि पुढची ओळ लिहिली. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, तुमचा पत्ता नाही, त्यामुळे ते किती लांबलं तरी चालतं. आता पाच वाजून वीस मिनिटं झाली आहेत. मी सगळ्यांना सांगणार आहे की माझा नाइलाज होता, आणि सगळ्यांना ते पटणार आहे; ह्यांना, लेकीला, कदाचित साहेबालासुद्धा. तुम्हाला मात्र खरं सांगते. समोरच्या भिंतीवर मोठं घड्याळ आहे, आप्पा, आणि मी दुपारपासून त्याच्याकडे बघत बघत तुम्हाला लिहीत होते.